कुलूप निघालं त्या दिवशी

ट्रकमधून उतरल्या उतरल्या सिंधुबाईनं आधी शाळेकडं पाहिलं. दाराला कुलूप नव्हतं.

तिनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दार सताड उघडं. भिंतींना नवा चुना, पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार, आत ट्यूबलाइट आणि ओट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला ड्रम. ज्या वस्तीत टँकर आला की सख्ख्या जावा हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथं शाळेच्या दारात भरलेला ड्रम!

"बगा, बोलला तसं केलं मानसानं," ती नवऱ्याला म्हणाली.

माणूस म्हणजे अर्जुनराव. सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आणि यंदा आमदारकीचे उमेदवार. नांदूरघाटच्या पलीकडची, वस्तीवरची ही शाळा गेल्या साली बंद पडली, तेव्हा 'मूठभर पोरांसाठी मास्तर पोसणं परवडत नाही' असं भर सभेत सांगणारे हेच. यंदा मात्र उसाच्या फडावर येऊन, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं हात जोडून ते वेगळंच बोलले होते. "शिक्षणावरचा पैसा म्हंजे पेरणी हाय, पेरणी! वस्ती तिथं शाळा! तुमी मताला गावी याल तवा शाळेचं कुलूप निघालेलं दिसंल. न्हाई दिसलं तर मला मत देऊ नका." टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी सिंधुबाईच्या चालूच होत्या.

त्याला कारण होतं. तिची लेक विशाखा आजीजवळ वस्तीवरच राहिली होती. नांदूरघाटची शाळा लांब, वाटेत नदीचं कोरडं पात्र आणि सगळी सामसूम; एकट्या पोरीला धाडायचं कुणाच्या भरवशावर? शहादेवनं बायकोला निक्षून सांगितलं होतं, "शाळा उघडली तर ऱ्हाऊ दे तिला. न्हाईतर मतदानाला जाऊ त्याच ट्रकात घेऊन येऊ. धाकट्याला तरी सांबाळील." आणि एकदा फडावर गेलेली पोर पुन्हा पाटी धरत नाही, हे सिंधुबाईला कुणी सांगायला नको होतं. तिची स्वतःची पाटी तिसरीतच सुटली होती.

ती तशीच घराकडं पळाली.

"आज मतं हाईत बाई," सासू केशरबाई म्हणाली. "आजवर नांदूरघाटला व्हायची, औंदा हितं ठिवलीत. शाळा भरली तर उद्या भरंल."

"उद्या मी कुटं असन हितं, आत्या? ट्रक लगीच माघारी जायचाय. तिला शाळेत जाताना मला डोळ्यानं बगू द्या."

पेटीतला गणवेश निघाला. झगा गुडघ्याच्या वर गेला होता, बाह्या काखेत रुतत होत्या. सिंधुबाईनं उसाच्या पानांनी चिरलेल्या बोटांनी दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. विशाखा दप्तर अडकवून पुढं धावली आणि ओट्यावर, दाराशी, आपल्या जुन्या जागेवर मांडी घालून बसली.

आत रांग सरकत होती. टेबलामागचा कर्मचारी यादीतलं एकेक नाव मोठ्यानं पुकारत होता.

"सिंधुबाई शहादेव ओव्हाळ!"

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन तिनं अर्जुनरावांचं बटण दाबलं. अगदी मनापासून, जोर लावून. यंत्र ओरडलं तेव्हा तिला उगाचच हसू आलं. लेकीचं कल्याण झालं होतं.

जाता जाता ती त्या कर्मचाऱ्याजवळ थांबली. "सायेब, तुमी गुरुजी का हो?"

"हो. का?"

"मग उद्यापासून हितं तुमीच शिकवणार व्हय?"

त्यानं मान वर केली. दाराशी बसलेल्या लाल रिबिनी त्याला दिसल्या.

"ताई, आम्ही आजच्यापुरते आलोय. मतदान संपलं की जाणार."

"आन शाळा?"

"कुलूप लावून चावी तहसीलला द्यायचीय."

"मग त्यो डरम? ती लाइट?"

"ते मतदारांची गैरसोय होऊ नये म्हणून, ताई."

मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की बाई पुढं!" ती सरकली. भिंतीशी उभी राहून शाईचं बोट पदराला पुसत राहिली. पदर फाटायची वेळ आली, शाई जागची हलली नाही. तिला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण लेक दारात होती.

बाहेर शहादेव वाट पाहत होता. त्यानं बायकोचा चेहरा पाहिला. खाली मान घालून तो घराकडं गेला, विशाखाच्या कपड्यांचं गाठोडं आणायला. तिकडं ट्रकचा हॉर्न वाजला. मुकादम रामहरी टपावरून ओरडत होता, "झाली का मतं? बसा लवकर! सकाळी फड धरायचाय!"

सिंधुबाई लेकीजवळ वाकली. "ऊठ बाळा. जायचंय आपल्याला."

विशाखा हलली नाही. हात मांडीवर, पाठ ताठ आणि कान आतल्या आवाजाकडं. आत पुढचं नाव पुकारलं गेलं, "विमलबाई सुंदरराव ओव्हाळ!"

"थांब ना आई," ती हळूच म्हणाली. "सर हजेरी घ्यायलेत. माझं नाव यायचंय अजून."