पापणी

कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या कंपनीने जुनी खाती महिन्याभरात नव्यात हलवायचं फर्मान काढलं आणि नातीची पंचाईत झाली. नऊ वर्षांची असताना तिला स्वतःचं खातं उघडता येईना, म्हणून तिने आजोबांचं नाव आणि जन्मतारीख ठोकून दिली होती. आता कंपनीला आजोबांचाच चेहरा हवा होता. कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद पापणी न हलवता बसायचं, नाहीतर सोळा वर्षांत विकत घेतलेले सगळे गेम गेले. मुदतीचं मात्र ती आजोबांना बोलली नाही. उगाच धास्ती घेतील.

लागोपाठ तीन रविवार ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली. आजोबा दर वेळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत आणि दर वेळी नवव्या सेकंदाला नेमकी त्यांची पापणी लवे.

आज चौथा रविवार. सात, आठ, नऊ... लवलीच. फोनवर अक्षरं उमटली : मुदत संपली, खातं कायमचं बंद.

"नाही ना जमलं?" आजोबा म्हणाले. "वय झालं गं. पुढच्या रविवारी बघू परत."

ती फाडकन बोलणार, तोच तिचं लक्ष टेबलावरच्या भिंगाकडे गेलं. तेच भिंग डोळ्याला लावून, तासन्‌तास पापणी न हलवता या माणसाने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती.

तिने फोन पर्समध्ये टाकला.

"हो आजोबा. पुढच्या रविवारी जरा लवकरच येते."