सोंगटीसम्राट

दिवाळसणाला सासऱ्यांनी जावयाला अंगठीऐवजी ऑनलाइन कॅरमच्या पैसे भरून खेळायच्या खोलीत जागा घेऊन दिली. “फुकटच्या खोलीत सोंगटीसम्राट नावाचा एक चोर मला रोज हरवतो. इथे चोरी पकडली की भरलेले पैसे बुडतात, म्हणून सगळे सभ्य.”

जावयाने लाडू न चावताच गिळला. सोंगटीसम्राट तोच होता. स्ट्रायकर कुठे जाईल त्याची रेघ आखून देणाऱ्या अ‍ॅपच्या जिवावर तो रोज कुणा अनोळखी माणसाची जिरवत होता.

शेजारी शेजारी बसून दोघांनी आपापल्या फोनवर त्या खोलीत डाव मांडला. रेघेविना जावयाचा स्ट्रायकरच भोकात जाऊ लागला. सासऱ्यांनी राणीसकट बोर्ड साफ केला, तेव्हा त्याची एकही सोंगटी गेली नव्हती.

सासऱ्यांचे डोळे पाणावले. “अगं, ऐकलंस का? माझा मान राखायला जावई मुद्दाम हरले!”

“नाही हो बाबा, मला खरंच येत नाही.”

“आणि वर नम्रपणा बघ!” मग ते जावयाकडे वळले. “आता एकच करा. त्या सोंगटीसम्राटाला गाठा आणि माझ्यासमोर उभा करा.”

जावई वाकून त्यांच्या पाया पडला आणि तिथूनच म्हणाला, “आणलाय, बाबा. फक्त उभं राहवत नाहीये.”