पाहुणे आलेच आहेत तर

गोदावरीला पूर. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी.

पांडवलेणीच्या पायऱ्यांवर शेवाळ.

खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला पांढरा पंजाबी ड्रेस.

सोमेश्वरला यायला एकही रिक्षावाला तयार नाही.

स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये दाटीवाटीने उभी तीन माणसं. छत्री एकच.

चाळणीत भिजवलेले पोहे.

ऑगस्ट, १९९६.

"पाहुणे नाशकात आलेच आहेत, तर मुलगी बघून घेतो म्हणतात." शेजारच्यांकडे आलेला फोन घेऊन कारभारी पगार घरात शिरले ते हेच बोलत. "नामपूरचे आहेत. मुलगा, त्याची आई, मामा. आपलं नाव त्यांना कुणीतरी दिलं होतं. सिडकोत यायला निघालेसुद्धा."

ललिता ओले केस पुसत होती. ती थांबली.

"आप्पा, दुपारी माझी मुलाखत आहे. नर्सिंगची."

"पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी मी वयात बसणार नाही."

"पुढच्या वर्षी तू सासरी असशील."

आई, शकुबाई, उठली. तिने कपाटातून जांभळी साडी काढली.

पाहुणे आले. अमित हा मुलगा. मामा खंडेराव. आई कुसाबाई. तिघंही चिंब. कुसाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि ओली शाल खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली. पांढऱ्या ड्रेसवर.

पोहे झाले. चहा झाला. पाऊस चालूच होता.

"चालून दाखव ना पोरी, दारापर्यंत," कुसाबाई म्हणाल्या.

ललिता चालली.

"पुन्हा एकदा. मघाशी मी कप ठेवत होते."

ललिता पुन्हा चालली. खंडेराव लोडाला टेकले. पाय पसरले. "गाणं येतं का हिला?"

येत होतं. तिने भक्तिगीत म्हटलं. खंडेरावांना ते फार संथ वाटलं. तिने भावगीत म्हटलं. ते म्हणाले, हे बरं होतं, आणखी एखादं येऊ दे. मग वेणी सोडून केस दाखवून झाले. मग पेपरातली बातमी मोठ्याने वाचून झाली. बातमी पुराचीच होती. पंचवटीतली दुकानं बंद, असं ती वाचत असताना खंडेरावांनी 'अरेरे' केलं.

लाइट गेली. कुसाबाईंनी सुई-दोरा मागवला.

"अंधारात ओवता आली तर नजर चांगली, असं आमच्याकडं समजतात."

ललिताने सुई ओवली. कुसाबाईंनी दोरा ओढून काढला आणि सुई परत दिली. "आता डाव्या हाताने." खंडेराव हसले. शकुबाईही हसल्या, कारण पाहुणे हसत होते.

अमितने एवढ्या वेळात एकदाही मान वर केली नव्हती. शकुबाई स्वयंपाकघरात नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "मुलगा वळणाचा आहे हो. पोरीकडे बघतसुद्धा नाही."

पत्ते निघाले. कारभाऱ्यांनीच काढले. पाहुण्यांना कंटाळा यायला नको. भजी तळली. ललिता ताट घेऊन येत होती, जात होती, आणि प्रत्येक वेळी घड्याळाखालून जात होती. आत्ता निघाली असती तर पोचली असती. आत्ता धावत निघाली तरी पोचली असती.

तिने ताट खाली ठेवलं.

"मला जायचंय," ती म्हणाली. "माझी नर्सिंगची मुलाखत आहे. आज नाही गेले तर पुन्हा होणार नाही."

खंडेरावांच्या हातातला पत्ता हातातच राहिला. कारभाऱ्यांचा चेहरा पडला. मुलगी घरातून गेली की पाहुण्यांनी थांबायचं कशासाठी? खंडेराव चपलांकडे पाहू लागले. कुसाबाईंनी मात्र खिडकीकडे पाहिलं. बाहेर समोरची इमारतही दिसत नव्हती.

त्या उठल्या. ललिताजवळ गेल्या. तिच्या गालावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"बस वं माय, बस. कशाला जातीस दुसऱ्यांची दुखणी काढायला? आम्हाले पोर पसंत शे."

शकुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कारभारी उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

ललिता त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. आजवर कितीतरी जणांनी 'कळवतो' म्हटलं होतं. 'पसंत' हा शब्द तिच्यासाठी कुणी पहिल्यांदाच वापरला होता. तिने एकदा अमितकडे पाहिलं. तो पत्ते पिसत होता. कान लाल झाले होते.

ती बसली.

"भजी गरम आहेत का अजून?" खंडेरावांनी विचारलं. "आणि पोरी, ते भावगीत म्हण ना परत. मघाचं."

तिने म्हटलं. या वेळी आवाज बरा लागला. मग कुसाबाईंना झोप आली, म्हणून आतल्या खोलीत गादी घातली. ललिताने त्यांचा दुखरा गुडघा तेल लावून चोळला. झोपेतच त्या 'अजून जरा वर' म्हणत होत्या. घड्याळ पुढे गेलं. आता धावूनही उपयोग नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी पागोळ्या थांबल्या. खंडेराव गॅलरीत जाऊन आले.

"उघडला," ते म्हणाले.

पाहुणे पटकन उठले. शकुबाईंनी कुसाबाईंची ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. चांगला पैठणी काठाचा खण होता, ललिताच्या लग्नासाठी जपून ठेवलेला. ललिता तिघांच्या पाया पडली. अमित पाय मागे घेऊ लागला तशी कुसाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"याद्या करायला कधी येऊ?" जिन्यापर्यंत जात कारभाऱ्यांनी विचारलं.

"आम्ही सांगावा धाडू ना," खंडेराव पायऱ्या उतरत म्हणाले.

कारभारी तसेच पेढे आणायला गेले. फोन ज्यांच्याकडे आला होता त्या शेजाऱ्यांना त्यांनी दोन-दोन पेढे दिले. शकुबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मुलीची दृष्ट काढली.

अमितचा साखरपुडा अक्षय्य तृतीयेलाच झाला होता. मुलगी चांदवडची होती.