राणीची पेज

"बघ, प्रधानाने राणीला नासपती पाठवल्या," मालसुन टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाली. "आता हिची गच्छंती. कॅमेरा उगाच नाही टोपलीवर घुटमळला."

"तुला शेवट ठाऊक आहे, आई. कितव्यांदा बघतेस?" बॉमसू चुलीपाशी पेज ढवळत होता.

"तेव्हाही ठाऊकच होता. पहिल्याच भागात सांगितलं होतं तुझ्या बापाला. महालात कुणी विनाकारण गोड वागायला लागलं, की समजावं कुणाची तरी पाठवणी आहे. अति भक्ती चोराचं लक्षण."

बॉमसूच्या हातातली पळी थांबली.

तो सोलहून गुनसानला आईकडे आला होता, तेही आडवारी. आल्याआल्या त्याने खिडक्या पुसल्या, गेलेला दिवा बदलला, आणि आता तिच्या आवडीची कालवांची पेज. सोमवारी आईला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. खोलीही पक्की झाली होती. फक्त तिला सांगायचं राहिलं होतं.

त्याने वाडगा तिच्यापुढे ठेवला. मालसुनने लग्नातला चांदीचा चमचा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"आधी तू चाख."

बॉमसूला हसू आलं आणि डोळेही भरले. ही मालिका नवी होती तेव्हा याच खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर ती राणी व्हायची आणि तो तिचं जेवण चाखणारी दासी, आईचा परकर नेसून. विषाने चांदी काळी पडते म्हणून चमचा उजेडात धरून बघायचा, मग कमरेत वाकून म्हणायचा, "विष नाही, महाराणी." बाप हसून हसून लोळायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

त्याने घास घेतला. चमचा लख्ख होता. तो वाकला, तोंड उघडलं, पण ते वाक्य काही बाहेर पडेना.

टीव्हीवर राणीच्या दारात पालखी येऊन थांबली होती. मालसुनने आवाज बंद केला, त्याच्या हातून चमचा घेतला आणि पेज खाऊ लागली. सावकाश, तळाशी काही न ठेवता.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "कधी निघायचं?"