राजा अडला की

राजा पुन्हा अडला. "प्रजाजनहो," एवढं म्हणून तो थांबला आणि त्याने विंगेकडे पाहिलं. तिथे चिमी नाटकाची प्रत घेऊन उभी होती. वय पंधरा, बोट ओळीखाली.

वाचायचं म्हटलं की चिमीची बोबडी वळायची. अक्षरं ओळखीची, पण त्यांचा शब्द होईपर्यंत सगळा वर्ग हसून मोकळा व्हायचा. शेवटी तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं. शेजारचे घड्याळजी काका हौशी नाटकात राजा व्हायचे. आताशा वाक्यं आठवत नाहीत, विंगेतून सांगायला कुणीतरी हवं, असं म्हणत त्यांनी तिलाच पकडून आणलं. तिच्या आईने कपाळावर हात मारला.

तालमीत काका सतरा ठिकाणी अडायचे. चिमी अडखळत वाक्य जुळवेपर्यंत मिशीला पीळ देत निवांत उभे राहायचे. बाकीची मंडळी वैतागायची. साठी बुद्धी नाठी, असं तोंडावर म्हणायची.

आणि आज प्रयोग होता. पुढच्याच रांगेत तिच्या वर्गातली पोरं बसली होती. राजा गप्प, प्रेक्षकांत चुळबुळ. आपण वाचलं नाही तर चारचौघांत काकांची शोभा होणार, एवढंच तिला कळलं.

"हे सिंहासन मी स्वखुशीने सोडतो आहे," तिने एका दमात वाचलं. राजा पुढे बोलू लागला.

त्यानंतर चिमीचं वाचन रुळावर आलं. काकांना मात्र पुढच्या वर्षी राजा मिळाला नाही. दोन वाक्यांचा पहारेकरी मिळाला. तेव्हा तिला त्यांची फार कीव आली होती.

गोड दिवस होते ते. विंगेतला रंगाचा आणि धुळीचा वास तिला अजून हवाहवासा वाटतो. आता ती स्वतः वाचताना अडणाऱ्या मुलांना शिकवते. माहेरी आली की काकांकडे जाते, आणि काका तिला राजाचं भाषण म्हणून दाखवतात. परवाही म्हटलं. त्याच वाक्याशी अडले. तिने सवयीने वाक्य पुरवलं. भाषण संपवून ते चहा टाकायला आत गेले.

"अजून तिथेच अडतात," ती काकूंना हसत म्हणाली.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"अडतात कसले? तेव्हापासून रोज दाढी करताना अख्खं नाटक म्हणतात, सगळ्यांची कामं. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. तू आलीस की तेवढे थांबतात."