नुसता हात

सकाळची पाळी संपून तास झाला, तरी धाकटी सिस्टर कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसूनच होती. एक बूट पायात, एक हातात.

"आई गेली तिची," वॉर्डातल्या मावशी दाराशीच इन्चार्जबाईंना म्हणाल्या. "अकराला फोन आला. कुणाला बोलली नाही, औषधांची फेरी पुरी केली. आता चारची गाडी आहे म्हणे, तर जागची हलत नाही. जा तुम्ही आत. पण घड्याळ नका बघत बसू."

इन्चार्जबाईंना वॉर्डात सगळे मागून घड्याळबाई म्हणत. मावशी तेवढ्या तोंडावर बोलत.

बाईंच्या काखेत ड्युटीची वही होती. तक्ता त्या पेन्सिलीनेच करत. रोज कुणी आजारी, रोज खाडाखोड. गुरुवार ते शनिवार धाकटीची रजा लिहिली होती, ती बुधवारी त्यांनी खोडली. तिच्या जागी लावायला माणूस नव्हतं. दुसऱ्या कुणाची खोडली असती तर भांडण झालं असतं. ही भांडायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं दोघी एका डब्यात जेवत होत्या.

आज शनिवार.

वही बाहेरच्या खुर्चीवर ठेवून त्या आत गेल्या, तिच्याशेजारी टेकल्या.

"बाळा," त्या म्हणाल्या. मग तिचा हात हातात घेतला.

धाकटीने घेऊ दिला.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"काय किती?"

"ठोके. मोजताय ना, ताई."

बाईंनी खाली पाहिलं. त्यांची तीन बोटं तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या रेषेत, अगदी जागच्या जागी बसली होती. नजर छातीवर टाचलेल्या घड्याळावरून आत्ताच निघाली होती.

"मेली सवय गं."

"मलाही आहे." धाकटीचा आवाज सपाट होता, पेशंटचा रिपोर्ट देताना असतो तसा. "मागच्या खेपेला आईचा हात धरला. ब्याऐंशी होते. ती म्हणाली, मोजू नकोस गं, नुसता धर. मी म्हटलं, आता गाडी सुटेल. गुरुवारी येते ना, तेव्हा दिवसभर नुसता धरून बसते."

बाईंनी बोटं उचलली. ती कुठे ठेवावीत ते कळेना. मग तळहातावर तळहात ठेवला. तिथे ठोका लागत नव्हता. नुसता हात होता. गार, धुऊन धुऊन भेगाळलेला, त्यांच्या स्वतःच्या हातासारखाच.

"तू नीघ आता," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस येऊ नकोस. इथलं मी बघते."

धाकटीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"मिळालं का माणूस?"

बाईंनी हात सोडला नाही. तिनेही काढून घेतला नाही. हळूहळू धाकटीची बोटं बाईंच्या बोटांभोवती मिटू लागली.

वॉर्डात कुणीतरी बेल दाबली.

दोघी एकदमच उठल्या. हात आधी कुणी सोडला, ते दोघींनाही कळलं नाही.