अज्ञात इसम

लोखंडी सब्बलीचा पहिला घाव गाडीच्या समोरच्या काचेवर बसला, दुसरा बॉनेटवर. मग हेडलाइट फुटला आणि त्याचे तुकडे रुपाच्या पायाशी येऊन पडले. ओंडका फोडावा तशी धनंजय गाडी फोडत होता. आंधळगावातला तो सगळा मोहल्ला आपापल्या दारात उभा राहून बघत होता.

टेम्पोवाल्या तेजरामने सामानाला दोर बांधणं अर्धवट सोडलं, रुपाच्या मुलीला, गुड्डीला, उचलून केबिनमध्ये बसवलं आणि काच वर केली. रुपा नवऱ्याला अडवायला पुढे झाली. धनंजयने तिचे केस धरले, तिला गर्रकन फिरवलं आणि टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं. तिची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं.

"जाय आता," तो म्हणाला. "पायी जाय."

सब्बल अंगणात फेकून तो बसस्टँडच्या दिशेने निघून गेला.

सासू निर्मलाबाई दाराला टेकून उभी होती. सुरुवातीपासून ती जागची हलली नव्हती.

गाडी रुपाची होती, तिच्या नर्सच्या पगारातून घेतलेली. भंडाऱ्यात दोन खोल्या मिळवायला तिला महिना लागला होता. घरमालकाला आगाऊ भाडं, भाडेकरूची पोलिसात नोंद, गुड्डीचा शाळेचा दाखला, गॅसची बदली, सगळं तिने ड्युटी सांभाळून आणि नवऱ्यापासून लपवून केलं होतं. ती काम करायची ते आरोग्य केंद्र इकडेच राहणार होतं, म्हणून रोजच्या जाण्यायेण्याला गाडी लागणारच होती. या सगळ्यात तिला खरा त्रास दिला तो निर्मलाबाईने. भांडी भरली की ती परत काढून ठेवायची. शेगडीचा रेग्युलेटर तिने तांदळाच्या कोठीत लपवला. आधी ठरवलेल्या टेम्पोवाल्याला तिने परस्पर सांगितलं की सामान जाणार नाही. नोको जाऊ, नोको जाऊ, एवढंच तिचं चालायचं. शेवटी पोराचीच बाजू घेणार, असं म्हणून रुपाने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

भुवईवर रुमाल दाबून रुपाने विम्याच्या एजंटला, धर्मेंद्रला, फोन लावला. त्याने गाडी हलवू नका, फोटो काढून ठेवा म्हणून सांगितलं. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, फोडली कोणी. रुपाने सांगितलं. घरच्या माणसाचं नाव आलं की कंपनी शंभर प्रश्न काढते, क्लेम लटकतो, असं त्याचं म्हणणं होतं. अज्ञात इसमाने फोडली अशी तक्रार द्या, बाकीचं मी बघतो.

रुपाला खोटं नवीन नव्हतं. मागे हात मोडला तेव्हा आपल्याच दवाखान्यात तिने पायरीवरून पडले म्हणून सांगितलं होतं. आणखी एक खोटं, मग गाडी दुरुस्त होईल, नोकरी टिकेल. ती टेम्पोत चढली आणि तेजरामला आधी पोलीस ठाण्यात घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात निर्मलाबाई चालत आली आणि न विचारता मागे सामानात चढून बसली. पोराचं नाव कुठे निघतं का यावर म्हातारीला लक्ष ठेवायचं असेल, एवढंच रुपाच्या मनात आलं. यावेळी दोघींना एकच हवं होतं.

ठाण्यात हवालदाराने तिच्या भुवईकडे पाहिलं आणि बसायला सांगितलं. रुपाने सांगायला सुरुवात केली. गाडी दारात उभी होती, कोणी अज्ञात इसम आला, त्याचं तोंड दिसलं नाही. हवालदार लिहू लागला. कोणी पाहिलं का, म्हणून त्याने विचारलं. रुपाने नकारार्थी मान हलवली.

"मी पायलं," निर्मलाबाई म्हणाली. "अज्ञात नोका लिवू साहेब. धनंजय लिवा. माहा पोरगा हाये तो."

रुपाच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर आडवी आलेली ही बाई आता क्लेमही बुडवायला निघाली होती. म्हातारीला गप्प करायला तिने तिचा दंड घट्ट धरला. निर्मलाबाई कळवळली. तिने हात ओढून घेतला, त्यात पदर खाली घसरला.

दंडावर डाग होते. चार बोटांचे, एका ओळीत. कोपराजवळ काळेनिळे, वर खांद्याकडे पिवळे पडत आलेले. रुपाला ते कुणी समजावून सांगायला नको होतं. असे डाग तिने रोज आरशात पाहिले होते. हे ताजे होते, ते त्याच्या आधीचे, आणि हे सगळे तिच्याच घरातले होते.

"कवापासून, आई?"

निर्मलाबाईने पदर वर घेतला. ती रडली नाही.

"तू घरी असली का तो तुले मारते. तू ड्युटीवर गेली का मले," ती म्हणाली. "आज तू सामान घेऊन जाऊन राहिली. आता घरी मी एकलीच."

हवालदाराचं पेन थांबलं होतं. रुपाने टेबलावर हात पसरून लिहिलेला कागद झाकला. गाडी, क्लेम, उद्याची ड्युटी, सगळं एकदम फार लांबचं झालं.

"पयले आईची तक्रार घ्या, साहेब," ती म्हणाली. "गाडीचं मंग पाहू."